वाचकांचे प्रश्न : दूरचा प्रवास आणि महरमची सोबत

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. मुस्लिम स्त्रीने पती किंवा महरम नातलग (ज्याच्याशी निकाह कायमचा निषिद्ध आहे असा पुरुष नातलग) सोबत नसताना दूरचा प्रवास करावा की नाही, आणि केल्यास कोणत्या अटींवर, हा तो विषय. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पहिल्या उत्तरात या विषयाची मांडणी सविस्तर आल्यामुळे पुढील उत्तरे तिच्या आधारानेच वाचावीत.

प्रश्न : मी 23 वर्षांची असून दुसऱ्या देशातील एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी माझी निवड झाली आहे. विमानाचा प्रवास नऊ तासांचा आहे. वडील हयात नाहीत. एकुलत्या एका भावाला मला पोहोचवून परत येण्याइतकी रजा मिळत नाही आणि तेवढा पैसाही आमच्याकडे नाही. माझे थोरले चुलते म्हणतात की महरमशिवाय असा प्रवास सरळ हराम आहे. मामी म्हणतात की तो नियम उंटांच्या काळातला होता, आता त्याचा विचार करण्याचे कारण नाही. मला नमाज-रोजा सांभाळून शिकायचे आहे आणि दोन्ही उत्तरांनी माझे समाधान होत नाही.

उत्तर : दोन्ही उत्तरे आपल्याला अपुरी वाटली हे मला योग्यच वाटते, कारण चुलत्यांच्या उत्तरात हदीस (पैगंबरांचे नोंदले गेलेले वचन) आहे पण तिच्यावर शतकानुशतके झालेला विचार नाही, आणि मामींच्या उत्तरात काळाचे भान आहे पण हदीसच नाही. आपण आधी मूळ वचने पाहू.

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत पैगंबर मुहम्मद (स.) यांची या विषयावरील वचने अनेक सहाबींकडून (पैगंबरांच्या सहवासातील अनुयायांकडून) आली आहेत. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार, अल्लाहवर आणि अंतिम दिवसावर श्रद्धा ठेवणाऱ्या स्त्रीने एका दिवस-रात्रीचा प्रवास महरमशिवाय करू नये. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या कथनात दोन दिवसांचा आणि हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या कथनात तीन दिवसांचा उल्लेख आहे, तर हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांच्या कथनात मुदतच नाही; स्त्रीने महरमशिवाय प्रवास करू नये, एवढेच शब्द आहेत. इ.स. 1277 मध्ये निवर्तलेले थोर हदीसतज्ज्ञ इमाम नववी यांनी या फरकाचा उलगडा असा केला आहे की, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या प्रसंगी विचारले तसे उत्तर दिले गेले. त्यामुळे आकड्यांना सीमारेषा न मानता ज्याला प्रवास म्हणता येईल अशा प्रत्येक प्रवासाला हे वचन लागू समजावे. हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफा यांच्या परंपरेतील, विद्वानांनी मात्र तीन दिवसांचे अंतर हीच मर्यादा धरली, आणि भारतीय उपखंडातील हनफी उलेमांनी पायी किंवा उंटाच्या चालीने तीन दिवसांत कापले जाणारे ते अंतर 48 मैल, म्हणजे सुमारे 77 ते 78 किलोमीटर ठरवले. चुलत्यांचे उत्तर या परंपरेतून आले आहे आणि ती परंपरा हलक्याने घेण्यासारखी नाही.

आता दुसरी बाजू. सहीह बुखारीतच हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांची हकीकत आहे. हे अदी म्हणजे ज्याच्या औदार्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो त्या हातिम ताईचे चिरंजीव. एका माणसाने पैगंबरांकडे येऊन वाटमारीची तक्रार केली तेव्हा अदी तेथे होते. पैगंबरांनी त्यांना विचारले की हिरा हे गाव पाहिले आहे का, आणि मग म्हटले की, तुला आयुष्य लाभले तर तू पाहशील, हिराहून हौद्यात बसून निघालेली स्त्री काबागृहाची प्रदक्षिणा करील आणि तिला अल्लाहशिवाय कोणाचेही भय नसेल. हिरा हे इराकमधील कूफ्याजवळचे गाव; तेथून मक्का हजार किलोमीटरहून अधिक दूर. अदी पुढे सांगतात की, आमच्या तय्य जमातीचे जे लुटारू मुलूखभर धुमाकूळ घालतात ते तेव्हा कुठे गेलेले असतील, असा विचार माझ्या मनात आला. नंतर त्यांनीच साक्ष दिली की तशी स्त्री मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मला ही हकीकत फार मोलाची वाटते, ती अदींच्या मनात आलेल्या त्या प्रश्नामुळे. स्त्रीचा प्रवास म्हणताच त्यांना पहिल्यांदा आठवले ते लुटारू. प्रवासावरील निर्बंध कोणत्या जगात सांगितला गेला हे त्या एका वाक्यात दिसते. त्या जगात एकट्या पुरुषालाही प्रवास धोक्याचाच होता. एकटेपणात काय आहे हे मला ठाऊक आहे तेवढे लोकांना ठाऊक असते तर कोणीही स्वार रात्री एकटा निघाला नसता, हे पैगंबरांचे वचनही बुखारीतच आहे आणि ते स्त्री-पुरुष असा भेद करत नाही.

कडक मत असणारे विद्वान यावर म्हणतात की अदींची हकीकत ही भविष्यकथन आहे, परवानगी नव्हे. एखादी गोष्ट घडेल असे सांगितले म्हणून ती वैध ठरत नाही. यावर इतरांचे उत्तर असे की, हे भविष्यकथन इस्लामच्या वैभवाचे आणि शांततेचे लक्षण म्हणून, गौरवाच्या सुरात आले आहे, आणि निषिद्ध गोष्टीचा असा गौरव होत नाही. दोन्ही बाजूंनी पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) यांचेही एक वाक्य सांगितले जाते. महरमविषयीची हदीस त्यांच्यासमोर निघाली तेव्हा, सगळ्याच स्त्रियांना महरम असतो असे नाही, असे त्या म्हणाल्या. काहींना त्यात सवलत दिसते. काहींना त्यात असा इशारा दिसतो की महरम नसेल तर प्रवासाच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगावे.

कडक मताची सर्वांत भक्कम बाजू मात्र वेगळीच आहे, आणि मामींच्या उत्तरात तिचा विचार झालेला नाही. प्रवासात चार रकअतींच्या (नमाजेच्या आवर्तनांच्या) फर्ज, म्हणजे अनिवार्य, नमाजा आपण दोन रकअतींच्या करतो. ही कस्रची सवलत प्रवासातील कष्टांसाठी आहे, पण विमानात गार हवेत निवांत बसून गेलेला प्रवासीही ती घेतोच, कारण नियम कष्टाला जोडलेला नसून प्रवासाला जोडलेला आहे. मग महरमचा नियम तेवढा भयाला जोडलेला आहे, प्रवासाला नाही, असे आपण कोणत्या आधारावर म्हणणार? सवलत घेताना उंटाचा काळ चालतो आणि बंधन पाळताना चालत नाही, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

या आक्षेपाचे मला पटलेले उत्तर असे आहे. नमाज ही उपासना आहे. तिच्या रकअती का वाढतात किंवा कमी होतात याचा हिशेब बुद्धीने मांडता येत नाही, सांगितले तसे करायचे असते. प्रवास हा व्यवहार आहे आणि व्यवहाराच्या नियमांमागील हेतू पाहण्याची वाट फिकहच्या (इस्लामी धर्मशास्त्रीय कायद्याच्या) बहुतेक परंपरांनी मोकळी ठेवली आहे. जी गोष्ट मुळात वाईट म्हणून नव्हे, तर वाईटाकडे नेणारी वाट बंद करण्यासाठी मना केलेली असते, ती खऱ्या गरजेपोटी मोकळी होते, हे तत्त्व इमाम इब्न तैमिया आणि त्यांचे शिष्य इब्न कय्यिम यांनी स्पष्ट मांडले आहे. आणि ते दोघेही ढिलाईसाठी प्रसिद्ध नाहीत. पूर्वीच्या इमामांनीही फर्ज हजसाठी महरमची अट सैल केली होती. त्याविषयी पुढील उत्तरात येईल. आधुनिक काळात शेख यूसुफ अल-करजावी यांनी आणि इजिप्तच्या दारुल इफ्ता या फतवे देणाऱ्या संस्थेने हेच मत इतर वैध प्रवासांनाही लावले : वाट सुरक्षित असेल, मुक्काम सुरक्षित असेल आणि कारण योग्य असेल तर स्त्रीने महरमशिवाय प्रवास करण्यास हरकत नाही. सौदी अरबस्तानचे शेख इब्न बाज आणि शेख इब्न उसैमीन यांनी हे अमान्य केले. इब्न उसैमीन यांचा युक्तिवाद अगदी व्यवहारातला होता : विमान वेळेवर निघेलच असे नाही, ते दुसऱ्याच विमानतळावर उतरवले जाऊ शकते, घ्यायला येणारा वेळेवर पोहोचेलच असे नाही आणि शेजारच्या आसनावर कोण बसेल हेही आपल्या हाती नसते.

मला विचाराल तर आपल्या बाबतीत मी करजावी आणि दारुल इफ्ता यांचे मत स्वीकारते. शिक्षण ही आपली खरी गरज आहे, प्रवास सुरक्षित आहे आणि भाऊ येऊ इच्छित असूनही येऊ शकत नाही. पण इब्न उसैमीन यांनी दाखवलेल्या अडचणी मी आपल्या तयारीची यादी म्हणून वापरीन, कारण त्या खऱ्या आहेत. शक्यतो थेट विमान घ्यावे. मधे उतरणे भाग असेल तर रात्रभराचा थांबा टाळावा. भावाने विमानतळापर्यंत सोडावे आणि पलीकडे विश्वासू कुटुंब किंवा विद्यापीठातील मुस्लिम विद्यार्थिनी घ्यायला येतील याची सोय निघण्यापूर्वी झालेली असावी, पोहोचल्यावर पाहू या भरवशावर ती ठेवू नये. विमान चुकले किंवा भलतीकडे उतरले तर कोणाला कळवायचे, कुठे थांबायचे आणि त्यासाठी हाताशी किती पैसे लागतील, हे आधीच घरात बोलून ठरवावे. तेथे पोहोचल्यावर राहण्याचा प्रश्न वेगळा आहे : महरमची अट प्रवासासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. मुक्कामाला लागणाऱ्या गोष्टी म्हणजे सुरक्षित निवास आणि परपुरुषासोबत एकांत टाळणे, आणि त्या आपल्या हातात आहेत.

चुलत्यांशी वाद घालू नये. त्यांचे मत चुकीचे नाही, ते दुसरे मत आहे. आपण कोणाच्या मताने जात आहोत आणि कोणती काळजी घेतली आहे हे त्यांना शांतपणे सांगावे, आणि शक्य झाल्यास निरोपाच्या दिवशी त्यांनाच विमानतळावर सोबत घेऊन जावे.

प्रश्न : माझे वय 61 आहे. पतीच्या निधनाला चार वर्षे झाली. हजसाठी लागणारी रक्कम मी स्वतःच्या कमाईतून बाजूला काढली आहे. एक मुलगा आजारी असतो, दुसऱ्याला त्याला सोडून येता येत नाही. ओळखीच्या पाच स्त्रिया एकत्र जात आहेत, त्यांतील दोघींचे पती सोबत आहेत. मी त्यांच्यासोबत गेले तर माझा हज होईल का? की महरम नाही म्हणून हज माझ्यावर फर्जच नाही?

उत्तर : अंतःकरणात इतकी वर्षे जपलेल्या इराद्याविषयी आपण विचारता आहात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

हज होईल का, याचे उत्तर निःशंक आहे : होईल. महरमशिवाय जाऊन हजचे सर्व विधी यथासांग पार पाडणाऱ्या स्त्रीचा हज अदा होतो, हे महरमची अट घालणाऱ्या विद्वानांनाही मान्य आहे. त्यांच्या मते तिच्यावर महरमशिवाय प्रवास केल्याचा दोष राहतो, पण हज पुन्हा करावा लागत नाही. मतभेद आहे तो जावे की नाही याविषयी.

कुरआनच्या आले इमरान या अध्यायातील 97 वी आयत हज त्याच माणसावर ठेवते, ज्याला तेथवर पोहोचण्याचे सामर्थ्य आहे. स्त्रीच्या बाबतीत महरम हा या सामर्थ्याचा भाग आहे का, हा कळीचा प्रश्न आहे. हनफी आणि हंबली विद्वान म्हणतात, होय. त्यातही हनफींमध्ये दोन मते आहेत. एका मताने महरम नसेल तर हज फर्जच होत नाही. दुसऱ्या मताने फर्ज होतो, पण स्वतः जाण्याची जबाबदारी येत नाही. अशा स्त्रीने महरमची वाट पाहावी आणि शेवटपर्यंत तो मिळाला नाही तर आपल्या वतीने कोणीतरी हज करावा, म्हणजे हज्ज-ए-बदलची, वसीयत करून ठेवावी. इमाम मालिक आणि इमाम शाफई यांनी मात्र फर्ज हजसाठी विश्वासू सोबत पुरेशी मानली. शाफईंच्या मते भरवशाच्या स्त्रियांचा गट असावा, मालिकींच्या मते खात्रीचा काफिला असावा. हंबली परंपरेचे इमाम अहमद यांच्याकडूनही फर्ज हजला महरमची अट नाही असे एक कथन आले आहे, आणि सुरक्षित असलेल्या स्त्रीने महरमशिवाय हज करावा हे मत इब्न तैमिया यांच्याही नावे नोंदले गेले आहे.

या मताच्या मागे सहाबींच्या काळातील एक मोठा प्रसंग आहे. खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या अखेरच्या हजच्या वर्षी, म्हणजे हिजरी 23 मध्ये, पैगंबरांच्या पत्नींना हजला जाण्याची परवानगी दिली आणि सोबतीला हजरत उस्मान बिन अफ्फान (रजि.) व हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना पाठवले. हे दोघे त्या सर्वांचे महरम नव्हते. यावर इमाम अबू हनीफा यांच्याकडून असे उत्तर सांगितले जाते की, पैगंबरांच्या पत्नी या श्रद्धावंतांच्या माता आहेत, त्यामुळे सर्वच लोक त्यांना महरमसारखे होते. उत्तर सुंदर आहे, तरी या प्रसंगाने इतर इमामांना जी दिशा दिली ती नजरेआड करता येत नाही.

सौदी अरबस्तानचा नियमही बदलला आहे. पूर्वी तेथे 45 वर्षांवरील स्त्रीला संघटित गटासोबत आणि महरमच्या लेखी संमतीने येऊ देत असत. ऑक्टोबर 2022 मध्ये तेथील हजमंत्री तौफीक अल-रबीआ यांनी जाहीर केले की जगातील कोणत्याही देशातून हज किंवा उमरासाठी (हजच्या दिवसांबाहेरही करता येणाऱ्या मक्केच्या यात्रेसाठी) येणाऱ्या स्त्रीला महरमची सक्ती राहिलेली नाही. पण हे ध्यानात ठेवावे की सरकारने अट काढली म्हणजे दार उघडले, एवढेच. शरीअतच्या दृष्टीने जाणे योग्य आहे की नाही, हा निर्णय व्हिसाच्या कागदावर होत नाही.

एक पाहिलेली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी उमराहून परतताना मधल्या एका विमानतळावर आम्ही पहाटेपर्यंत अडकून होतो. समोरच्या बाकावर एक वयस्क बाई एकट्याच बसल्या होत्या. पासपोर्टची कापडी पिशवी गळ्यात, आणि हातात वहीचे चौघडी केलेले पान. त्या पानावर मुलीने ठळक अक्षरांत विमानाचा क्रमांक आणि दाराचा क्रमांक लिहून दिला होता, आणि दार तर केव्हाच बदलले होते. ते त्यांना कळले नव्हते, कारण घोषणा ज्या भाषेत होत होती ती त्यांना येत नव्हती. शेजारच्या तीन अनोळखी स्त्रियांनी ते पान पाहिले, एकीने त्यांचे सामान उचलले, दुसरीने वजूला (नमाजेआधी हात-पाय-तोंड धुण्यासाठी) नेले, आणि फजरच्या नमाजेला त्या चौघी एका ओळीत उभ्या राहिल्या. विश्वासू स्त्रियांची सोबत, हे शब्द फिकहच्या ग्रंथांत मी अनेकदा वाचले होते. त्यांचा अर्थ मला त्या पहाटे कळला. पण त्या बाईंना ती सोबत योगायोगाने मिळाली, आणि हज योगायोगावर सोडण्याची गोष्ट नव्हे.

आपली सोबत योगायोगाची नाही. त्या पाच जणी आपल्या ओळखीच्या आहेत आणि दोघींचे पती बरोबर असल्यामुळे वाटेत अडचण आल्यास धावपळ करणारेही कोणी आहे. वय 61, हज फर्ज, पुढच्या वर्षी महरम मिळेल अशी आशा नाही : या स्थितीत इमाम शाफई आणि इमाम मालिक यांच्या मताने जाणे मला आपल्यासाठी योग्य वाटते. आपण हनफी असाल आणि मन मानत नसेल तर थांबून वसीयत करणे हाही निर्दोष मार्ग आहे, आणि ज्या स्त्रिया तसे करतात त्यांना कोणी मागासलेल्या म्हणू नये. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. गटातील किमान एका स्त्रीकडे आपल्या औषधांची माहिती आणि मुलांचे फोन क्रमांक असावेत. हजमधील मुक्कामाच्या मीना येथील गर्दीत फोन हरवतो, बंद पडतो, म्हणून ते कागदावरही लिहून द्यावेत. दुसरे, शाफई परंपरेतील ही सवलत मुख्यतः फर्ज हजसाठी आहे. एकदा फर्ज पार पडल्यावर दरवर्षी नफल (ऐच्छिक) उमरासाठी याच आधारावर निघणे त्या परंपरेच्या प्रचलित मतात बसत नाही.

पतीच्या निधनाला चार वर्षे झाल्यामुळे इद्दतचा (विधवेने पाळायच्या प्रतीक्षाकाळाचा) प्रश्न आपल्याला नाही. इतर वाचकांसाठी एवढेच सांगते की, पतीच्या मृत्यूनंतरची चार महिने दहा दिवसांची इद्दत चालू असताना चारही मसलकांच्या (हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली परंपरांच्या) मते हजला निघू नये.

प्रश्न : नोकरीच्या कामासाठी मला महिन्यातून दोनदा 110 किलोमीटरवरील शहरात जावे लागते. सकाळी निघून संध्याकाळी मी घरी परतते. हाही प्रवास समजायचा का?

उत्तर : हनफी हिशेबाने होय. अंतर 78 किलोमीटरच्या पुढे आहे आणि मोजायचे ते अंतर, लागलेला वेळ नव्हे. म्हणूनच तेथे आपण जोहर आणि असरची नमाज कस्र करता. जे विद्वान सुरक्षिततेचा हेतू पाहतात त्यांच्या मते दिवसाउजेडी, माणसांनी भरलेल्या गाडीने, ओळखीच्या रस्त्यावर केलेली अशी ये-जा वैध कामासाठी असेल तर तिला हरकत नाही. माझेही मत तेच आहे. फक्त भाड्याच्या मोटारीत एकट्या चालकासोबत लांबच्या निर्जन रस्त्याने जाणे टाळावे. तेथे प्रश्न प्रवासाइतकाच एकांताचाही आहे, आणि परपुरुषासोबतच्या एकांताची मनाई इब्न अब्बास (रजि.) यांच्या त्याच हदीसेत, महरमच्या वाक्याच्या शेजारीच आली आहे. सहकारी स्त्री सोबत असल्यास उत्तम.

प्रश्न : माझ्यासोबत प्रवासाला माझे दीर यायला तयार आहेत. तसेच शेजारचा एक मुलगा मला लहानपणापासून बहीण मानतो. यांपैकी कोणी महरम म्हणून चालेल का?

उत्तर : नाही, दोघेही चालणार नाहीत. ज्याच्याशी निकाह कायमचा निषिद्ध आहे तो महरम : वडील, आजोबा, मुलगा, नातू, भाऊ, काका, मामा, भाचा, पुतण्या, दुधाच्या नात्याने झालेले हेच नातलग, आणि विवाहामुळे सासरे, जावई, सावत्र मुलगा. पती महरमच्या व्याख्येत येत नाही, पण सोबतीसाठी तो सर्वांत आधी. दीर, मेहुणा, चुलत, आते, मामे आणि मावस भाऊ हे महरम नाहीत. दिराविषयी तर पैगंबरांना मुद्दाम विचारले गेले होते आणि त्यांनी फार कडक शब्द वापरला : दीर म्हणजे मृत्यू. घरातलाच म्हणून त्याच्यासोबतच्या एकांताकडे सहज दुर्लक्ष होते, हा त्यामागचा इशारा. मानलेला भाऊ हे नाते प्रेमाचे असेल, पण मानल्याने कोणी महरम होत नाही. शिवाय महरम असला तरी तो समजदार आणि भरवशाचा हवा. ज्याच्याच हाती ती स्त्री सुरक्षित नाही, अशा नातलगाने अट पूर्ण होत नाही.

याचा अर्थ असा नव्हे की दीर त्याच गाडीत असू नयेत. इतर लोकांसह, मोकळ्या वातावरणात ते मदतीला असणे चांगलेच आहे. फक्त त्यांच्या असण्याने महरमची अट पूर्ण झाली असे समजू नये.

प्रश्न : माझ्या पत्नीची आई दुसऱ्या शहरात आजारी आहे. पत्नीला तिच्या सेवेसाठी महिनाभर जायचे आहे. मला कामामुळे सोबत जाता येत नाही, म्हणून महरमच्या हदीसेचा आधार घेऊन मी तिला थांबवले आहे. ती नाराज आहे. माझे बरोबर आहे ना?

उत्तर : बंधू, इब्न अब्बास (रजि.) यांच्या कथनातील हदीस वर मी दोनदा सांगितली, पण तिचा उत्तरार्ध आपल्यासाठी राखून ठेवला होता. पैगंबरांनी स्त्रीने महरमशिवाय प्रवास करू नये असे म्हटले तेव्हा एक माणूस उठून म्हणाला की, अल्लाहचे पैगंबर, माझी पत्नी हजसाठी निघाली आहे आणि माझे नाव अमुक मोहिमेवर जाणाऱ्यांत लिहिले गेले आहे. म्हणजे त्याच्यापाशी आपल्यापेक्षा कितीतरी मोठे कारण होते. तो युद्धाच्या मोहिमेवर नाव नोंदवलेला माणूस होता. पैगंबरांनी त्याला पत्नीला परत बोलावून घे असे सांगितले नाही. ते म्हणाले : जा आणि आपल्या पत्नीसोबत हज कर.

ही हदीस आपण पत्नीपुढे ठेवलीत. ती आधी स्वतःपुढे ठेवायला हवी होती. तिच्यात स्त्रीला जी मर्यादा सांगितली आहे, तिच्यासोबतच पुरुषाला उठून निघण्याची आज्ञा आहे, आणि त्यासाठी मोहिमेतून नाव काढावे लागले तरी काढायचे आहे. आईवडिलांशी उत्तम वागण्याचा आदेश कुरआनने आपल्या पत्नीलाही दिला आहे. पतीच्या अनुमतीचे महत्त्व फिकहमध्ये आहे हे मी नाकारत नाही. पण अनुमती हाती असलेल्या माणसाने ती आजारी आईच्या आड येऊ द्यावी, हे त्या अधिकाराला शोभत नाही.

आपल्याला महिनाभर तेथे राहायचे नाही. मुक्कामाला महरमची अट नाही, हे पहिल्या उत्तरात आलेच आहे. एक सुट्टीचा दिवस जाण्यासाठी आणि एक आणण्यासाठी, एवढेच आपल्याकडून अपेक्षित आहे. तेही खरोखर अशक्य असेल तर तिचा भाऊ, भाचा किंवा पुतण्या यांपैकी कोणी येऊ शकतो का ते विचारावे आणि त्याचे भाडे आपण द्यावे. कोणीच नसेल, तर दिवसाची सुरक्षित गाडी पाहून, इकडून आपण बसवून आणि तिकडे माहेरच्यांनी उतरवून घेऊन तिला पाठवावे. आईचे आजारपण ही गरज नाही असे कोणता विद्वान म्हणेल? आपले पत्र आले त्याला तीन आठवडे झाले. उत्तर छापून हाती पडेपर्यंत आणखी काही दिवस जातील, म्हणून हेच उत्तर मी आपल्याला टपालाने वेगळेही पाठवले आहे.